पस्तिशी उलटल्यावर आइस हॉकी शिकायचीय, गोव्यात बसून तयारी कुठून सुरू करू?

फोंडेकर | १२ जून २०२५
नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, वय ३६, आयटीत. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की कंपनी दोन वर्षांसाठी टोरोंटोजवळ मिसिसागाला पाठवतेय. तिथल्या ऑफिसातल्या लोकांची आइस हॉकीची टीम आहे, सगळे नोकरी-संसारवाले, रात्री खेळतात, लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनला. परवा कॉलवर त्यांच्यातल्या एकाने विचारलं आल्यावर खेळणार का, आणि मी लगेच हो म्हटलं. मनापासून म्हटलं. माझे बाबा तरुणपणी म्हापशाला हॉकी खेळायचे (आपली मैदानावरची), त्यांची लाकडी स्टिक अजून घरात आहे, मी मात्र कधीच कुठला खेळ धड खेळलो नाही आणि ती खंत आहे.

आता परिस्थिती अशी की शाळेत असताना दोन वर्षं चार चाकांचे स्केट्स वापरलेले, त्यानंतर काही नाही. बर्फावर पाय ठेवलेला नाही. हातात अडीच महिने आणि ते पण भर पावसाचे. काय करू या दिवसांत? इथून काही सामान विकत घेऊन जाऊ का? आणि या वयात पडलो झडलो तर निभावेल का हे पण सांगा. घरी बायकोला तीच काळजी आहे.

साखळीकर | १२ जून
अरे वा. मी टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला नऊ वर्षं खेळलो, २०२२ ला परत आलो, आता गोव्यात साखळीला असतो. तुझ्या प्रश्नावर खूप लिहिता येईल पण एकच गोष्ट डोक्यात पक्की कर, बाकी सगळं तिच्यानंतर. थांबायला शीक. स्टिक, शॉट, पास, डावपेच, काहीही नंतर. मी पाहिलेत लोक, पहिल्या महिन्यात भारीतली कार्बनची स्टिक घेतात आणि थांबता येत नाही म्हणून प्रत्येक वेळी कडेच्या बोर्डवर जाऊन आपटतात. ज्याला दोन्ही बाजूंनी थांबता येतं, डावीकडे वळून पण आणि उजवीकडे वळून पण, तो खालच्या डिव्हिजनमध्ये लगेच उपयोगी पडतो, त्याचा शॉट कितीही हलका असला तरी.

थांबण्याच्या आधी पडायला शीक. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पडायचं तर गुडघे वाकवून एका बाजूला, कुल्ल्यावर, हाताच्या मुठी मिटून. बोटं पसरून हात टेकलास की मनगट जातं, आणि बोटांवरून कुणाच्या स्केटचं पातं जाऊ शकतं. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे बोर्डपासून तीन-चार फूट. तिथे पडलास आणि डोकं खाली घालून आत गेलास तर मानेला मार बसतो, म्हणून तिथे मान कायम वर. एक तर बोर्डला चिकटून राहा नाहीतर चांगला लांब राहा.

आता लीगबद्दल. मोठ्यांच्या अशा लीगमध्ये बॉडी चेकिंग नसतं, म्हणजे मुद्दाम अंगावर जाऊन आदळायचं नाही, तशी पेनल्टी लागते. खालच्या डिव्हिजनना बऱ्याच ठिकाणी स्लॅप शॉटलाही (स्टिक मागे उचलून जोरात मारलेला फटका) बंदी असते. टीव्हीवर वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड बघतो तसं इथे नसतं, रिंक (खेळायचं बर्फाचं मैदान) भाड्याने घेतलेली असते म्हणून बहुतेक वेळा घड्याळ न थांबता चालू राहतं. मॅच रात्री साडेदहा अकराला सुद्धा पडते, कारण संध्याकाळचा बर्फ मुलांच्या टीमना जातो. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतंच. तरी लोक वर्षानुवर्षं येतात.

पेडेकर | १३ जून
बाबांची स्टिक वाचून राहवलं नाही. मी स्वतः पेड्याच्या मैदानावर वाढलो, तेच जिथे २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतली हॉकी झाली. गोव्याच्या घरात हॉकीची स्टिक असणं ही मोठी गोष्ट आहे बाब, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय होते. ती स्टिक खाली काढ.

आणि एक कामाची गोष्ट. आपल्या हॉकीत डावा हात वर आणि उजवा खाली, सगळ्यांचाच, कारण स्टिक एकाच बाजूने सपाट आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकच नसते. आइस हॉकीत ज्याची डावी मूठ वर तो राइट शॉट, ज्याची उजवी वर तो लेफ्ट शॉट, आणि स्टिक विकत घेताना हे ठरवूनच घ्यावी लागते कारण पातं वळलेलं असतं. तू लहानपणी घरात बाबांची स्टिक धरली असशील तर तुझा हात बहुतेक राइटलाच बसेल. पण खात्री करून घे, झाडू किंवा फावडं उचल आणि बघ कुठला हात आपोआप वर जातो.

अजून एक. पक (आइस हॉकीत बॉलऐवजी असलेली रबराची चकती) साधारण १५६ ते १७० ग्रॅमचा असतो आणि हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे हाताला वजन जवळपास तेच. पावसात घरात बसून बॉल हाताळायची सवय कर, फायदा होईल. फक्त आपल्याकडे कंबरेत वाकून खेळतात ते तिथे चालत नाही, गुडघे वाकव, पाठ वर ठेव. आणि तिथल्या स्टिकचं पातं दोन्ही बाजूंनी वापरता येतं, हे सुरुवातीला हाताला पटत नाही.

बर्फवेडी | १३ जून
मी मूळची मडगावची, आता कॅलगरीला. ४१ व्या वर्षी सुरू केलं, मुलीला रिंकवर सोडायला जायची आणि दोन वर्षं काचेबाहेर उभी राहून बघायची. एक दिवस तिथल्याच नोटीस बोर्डवर मोठ्यांच्या शिकाऊ वर्गाची चिठ्ठी दिसली. आज सहावं वर्ष.

फोंडेकर, इथून काही सामान नेऊ नकोस. खरंच नको. स्केट्स तर अजिबात नको. कॅनडात बहुतेक शहरांत वापरलेल्या खेळसामानाची दुकानं आहेत, प्ले इट अगेन स्पोर्ट्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, तिथे शिन गार्ड, एल्बो पॅड, शोल्डर पॅड, हॉकीची जाड पॅंट, बॅग सगळं वापरलेलं चांगलं मिळतं. नवीन काय घ्यायचं तर हेल्मेट (सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का बघून, आणि पुढे पूर्ण जाळी), जॉक (जांघेचा गार्ड), माउथगार्ड आणि परवडले तर स्केट्स.

स्केट्सचा नंबर बुटाच्या नंबरपेक्षा एक ते दीड कमी लागतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, टाच आत हलता कामा नये. मी पहिल्यांदा आपल्या सवयीने ऐसपैस घेतले, सहा महिने घोटे आत मुडपायचे आणि मला वाटायचं माझ्या पायातच जोर नाही. दोष मापाचा होता. आणि अगदी नवे स्केट्स बहुतेक वेळा धार न लावता मिळतात! दुकानात तिथल्या तिथे धार लावून घे. पात्याखालच्या खाचेच्या गोलाईची त्रिज्या किती पाहिजे विचारतील, माहीत नसेल तर अर्धा इंच बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो, जरा वजनदार असशील तर पाच अष्टमांश घे, खाच उथळ होते आणि थांबताना पातं कमी रुतून बसतं.

गळ्याचा गार्ड घाल. लीगने सांगितलं नाही तरी घाल. ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडात शेफिल्डच्या मॅचमध्ये ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आमच्या टीममधल्या सगळ्याजणी घालतात. बायकोला हे पण सांग की तू घालणार आहेस.

डिचोलीकरीण | १४ जून
मध्येच विचारते, माफ करा. मी कुठे जात नाहीये, इथेच राहून हा खेळ खेळता येईल का? वय २९. गेल्याच आठवड्यात आपल्या बायकांच्या संघाने यूएईत अल ऐनला आइस हॉकीच्या आशिया कपचं ब्राँझ जिंकलं ती बातमी वाचल्यापासून डोक्यात तेच आहे.

साखळीकर | १४ जून
ताई, माफी कसली. त्या मुली बहुतेक लडाखच्या, वर्षातून दोन-तीन महिने तळी गोठतात तेवढाच त्यांना बर्फ. २०१७ ला बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. मी ती बातमी ब्रॅम्प्टनच्या लॉकर रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली होती आणि सगळे उठून उभे राहिले होते.

गोव्यात बर्फाची रिंक नाही. पण चाकांवर, म्हणजे इनलाइन हॉकी, ती होऊ शकते. चौघं आणि एक गोलकीपर, कोर्ट लहान चालतं. त्यावर इथे माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले कुणीतरी असतील.

चाकंवाला | १४ जून
मी म्हापशाला मुलांना स्केटिंग शिकवतो. दोघांसाठी एकदम लिहितो. इनलाइन स्केट्स घ्या, एका ओळीत चार चाकं असलेले, हॉकीचा बूट असलेले. शाळेतले दोन-दोन चाकांच्या जोडीचे नकोत, त्यात चाकांच्या कडेवर उभं राहणं शिकता येत नाही. बाहेरच्या खरबरीत सिमेंटवर जाणार असाल तर ८४ए च्या आसपासची (हा कडकपणाचा आकडा) कडक चाकं, आत गुळगुळीत फरशीवर ७६ए-७८ए वाली मऊ. चुकीची घेतली तर एक तर पाय सुटतो नाहीतर चाकं महिन्याभरात झिजतात.

पावसात रस्त्यावर जाऊ नका. ओल्या सिमेंटवर चाक धरत नाही आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत बेअरिंग आठवड्यात गंजतात. रोज कोरड्या फडक्याने पुसायचे, भिजलेच तर काढून वाळवायचे आणि मग तेलाचा एक थेंब. एक पालक मागे मुलीचे स्केट्स ओल्या पिशवीत ठेवून गेले, चवथीनंतर उघडले तर आठही चाकं जाम. बंद शेड शोधा. गोडाऊन, हॉल, इमारतीखालचं पार्किंग, काहीही, फक्त वर छप्पर आणि खाली कोबा.

साखळीकर | १५ जून
चाकंवाला भाऊ, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. चाकांवर थांबायची जी सवय लागते, मागचा पाय आडवा घासत नेऊन थांबायची, ती बर्फावर गेल्यावर मोडायला मला एक पूर्ण सीझन लागला. बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे करून खरवडून थांबायचं असतं, चाकं तशी घसरत नाहीत, ती धरतात आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून याने अडीच महिने चाकांवर घालवावेत का याबद्दल मला शंका आहे.

चाकंवाला | १५ जून
शंका रास्त आहे दादा. पण थांबणं हा एक भाग. एका पायावर तोल, कड दाबून ढकलणं, एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं, मागे मागे जाणं, हे चारही चाकांवरून बर्फावर जसंच्या तसं जातं. ज्याने यातलं काहीच केलेलं नाही तो बर्फावर पहिले दोन महिने हेच शिकण्यात घालवतो, आणि तिथे तासाला पैसे मोजून. माझं म्हणणं एवढंच की चाकांवर हे चार शीक, आणि थांबणं बर्फासाठी राखून ठेव. चाकांवर थांबायचं तर गोल वळून वेग मारायचा, पाय घासायचा नाही, म्हणजे ती सवय लागणारच नाही.

साखळीकर | १५ जून
हे पटलं. असं कर फोंडेकर.

सांधेवाली | १६ जून
मी फिजिओथेरपिस्ट, पणजीला. पडण्याची भीती सगळ्यांना असते पण पस्तिशीनंतर स्केटिंग सुरू करणारे माझ्याकडे येतात ते जास्त करून मांडीच्या आतल्या स्नायूच्या दुखण्याने. चालताना पळताना आपण पाय सरळ पुढे-मागे नेतो, स्केटिंगमध्ये बाजूला ढकलतो, आणि तो स्नायू वर्षानुवर्षं वापरलेलाच नसतो. आजपासून रोज: भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, एका पायावर उभं राहून दात घासणं (डोळे मिटून जमलं तर अजून चांगलं), बाजूला मोठं पाऊल टाकून बसणं, आणि कुशीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी धरून दाबणं. पहिले दोन आठवडे हळू. दुखलं की थांबायचं, दुखण्यातून पुढे जायचं नाही. गुडघ्याचं जुनं काही असेल तर जायच्या आधी दाखवून घे.

तारवटी | १९ जून
मी बोटीवर असतो, सध्या घरी वास्कोला. कुणाला ठाऊक नसेल पण काही क्रूझ बोटींवर बर्फाची रिंक असते, १९९९ ला आलेली व्हॉयेजर ऑफ द सीज ही पहिली. मी तसल्या एका बोटीवर होतो, गेस्ट लोकांची वेळ संपली की कधीमधी आम्हाला मिळायचं. आमच्यातले किती गोंयकार तारवटी बर्फावर पहिल्यांदा उभे राहिले ते भर कॅरिबियनमध्ये.

मला तिथे एकाने सांगितलेलं, बर्फावर नजर पायाकडे गेली की पडलास. समोर बघ, छातीएवढ्या उंचीवर काहीतरी बघ. बोट हलत असताना पण तेच करून उभा राहायचो. फोंडेकर भाऊ, तुला पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त हेच उपयोगी पडेल.

फोंडेकर | ६ जुलै
देव बरें करूं सगळ्यांना, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. आता काय केलं ते सांगतो. कुर्टीला मामाच्या दुकानामागे शेड आहे, खाली कोबा, साधारण वीस पावलं लांब आणि दहा रुंद. एका बाजूला नारळाची पोती होती ती मामाने हलवून दिली. स्केट्स ऑनलाइन मागवले, पहिला जोड भलत्याच मापाचा आला, परत करण्यात बारा दिवस गेले. आता रोज सकाळी साडेसहा ते साडेसात. पहिले चार दिवस नुसता पडलो. मुद्दाम. गुडघ्याला पॅड, मुठी मिटून, डावीकडे दहा वेळा उजवीकडे दहा वेळा. पाचव्या दिवशी लक्षात आलं की तोल गेला तरी आता छातीत धस्स होत नाही, आणि भीती गेली तसे गुडघे आपोआप वाकायला लागले. आधी भीतीने पाय ताठ व्हायचे.

बाबांची स्टिक काढली. मुठीवरची पट्टी पार कडक होऊन सुटत होती, बाबांनी स्वतः बसून ती काढली, खाली लाकडावर त्यांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झालेली आहे. मला दिली तर डावा हात वर गेला, पेडेकर म्हणाले तसंच. म्हणजे राइट.

एक प्रश्न, नियमांचं काय? ऑफसाइड आणि आयसिंग दोन्ही वाचतोय पण डोक्यात बसत नाहीये.

पेडेकर | ६ जुलै
अंगठ्याच्या जागेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या स्टिकने कोब्यावर खेळू नकोस, जपून ठेव.

साखळीकर | ७ जुलै
ऑफसाइड सोपा आहे. रिंकवर दोन निळ्या रेषा. समोरच्यांच्या निळ्या रेषेच्या आत आधी पक जायला पाहिजे, मग तू. तू आधी गेलास तर ऑफसाइड, म्हणजे रेषेपाशी आल्यावर मान वळवून पक कुठे आहे बघायचं आणि लागलं तर रेषेवर थांबायचं. (परत थांबणंच आलं बघ.) आयसिंग म्हणजे मधल्या लाल रेषेच्या अलीकडून, आपल्या अर्ध्यातून, कुणी पक मारला आणि तो कुणाला न लागता समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे गेला तर शिट्टी, आणि खेळ परत आपल्याच गोलसमोर सुरू. दमलेली टीम वेळ काढायला नुसती पक भिरकावत बसू नये म्हणून हा नियम.

नवीन माणसाला विंगवर (पुढे, कडेच्या जागेवर) ठेवतात. तुझं काम दोन वाक्यांत: पक आपल्या झोनमध्ये (आपल्या निळ्या रेषेच्या आत) असला की तू पकच्या मागे धावायचं नाही, तुझ्या बाजूला निळ्या रेषेपाशी त्यांचा जो डिफेन्समन उभा असेल त्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये राहायचं. आणि पक आपल्याला मिळाला की बोर्डलगत मोकळं व्हायचं, स्टिक बर्फावर टेकवून. नवखे सगळे पकभोवती गोळा होतात, जो आपल्या जागेवर थांबतो त्याला पास मिळतो.

आणि शिफ्ट. पाच स्केटर बर्फावर, बाकी बेंचवर, खेळ चालू असतानाच बदली होते. पंचेचाळीस सेकंद ते एक मिनिट, बस. दमून पाय उचलेनासे होईपर्यंत थांबू नकोस, त्याच्या आधी ये. पक पुढे गेला असताना बदली करायची, समोरचे आपल्यावर चाल करून येत असताना नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये भांडणं होतात ती गोल चुकला म्हणून नाही, कुणी तीन मिनिटं बर्फावर राहिला म्हणून होतात. वेळेवर बेंचवर येणाऱ्या माणसाला सगळे पुढच्या सीझनला परत बोलावतात, मी कॅप्टन होतो तेव्हा मी पण हेच बघायचो.

फोंडेकर | २ ऑगस्ट
शेडमध्ये बाबा खुर्ची टाकून बसतात आता. मोबाईलवर पंचेचाळीस सेकंद लावतात, मी जीव तोडून फेऱ्या मारतो, ते बस म्हणाले की भिंतीपाशी दोन मिनिटं विश्रांती, असं आठ वेळा. पहिल्या दिवशी तिसऱ्यालाच उलटी येईल असं झालेलं. एका पायावर शेडची लांबी जाता येतं, उजव्यावर नीट, डाव्यावर अजून डुगडुग. डावीकडे वळताना पाय पायावर टाकता येतो, उजवीकडे नाही.

सांधेवाली | २ ऑगस्ट
डावीकडे वळणं बहुतेकांना आधी जमतं. जी बाजू जमत नाही तिला दुप्पट वेळ दे, जमते तिथेच रमू नकोस.

डिचोलीकरीण | २१ ऑगस्ट
मी पण स्केट्स घेतले. चाकंवाल्या दादांकडे रविवारी जाते, आम्ही आता सहाजण मोठे आहोत, त्यात एक काकी ५२ च्या. चवथीनंतर चारचार जण झालो की बॉल घेऊन खेळायला सुरुवात करायची म्हणतायत. आणि देहरादूनची रिंक बघितलीत का? २०११ ला बांधलेली, कितीतरी वर्षं बंद पडून होती, आता परत सुरू झाली, या आठवड्यात तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंग (बर्फावरच्या शर्यती) चाललंय. ऑलिम्पिकच्या मापाची रिंक आपल्या देशात! आम्ही सहाही जण जायचं ठरवतोय, हिवाळ्यात.

साखळीकर | २१ ऑगस्ट
जाणार असाल तर मला सांगा, मी येतो. स्केट्स माझे अजून आहेत, धार लावून घेतो. खर्च माझा मी बघेन, तुम्हाला चार दिवस थांबायला शिकवतो.

फोंडेकर | २४ सप्टेंबर
मिसिसागा. आज मोठ्यांच्या शिकाऊ वर्गाचा तिसरा दिवस झाला. बर्फवेडी ताई, अर्ध्याहून जास्त सामान वापरलेलं घेतलं, स्केट्स नवे, धार लावूनच दुकानातून बाहेर पडलो. गळ्याचा गार्ड घेतला. घालायचा क्रम मात्र चुकला, वरचं सगळं आधी घातलं आणि मग स्केट्सच्या नाड्या बांधायला वाकताच येईना, शेजारच्या माणसाने बांधून दिल्या.

बर्फावर पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा तारवटी भाऊंचं आठवलं, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उभा राहिलो. चाकांपेक्षा बर्फ कितीतरी हलका वाटतो, ढकललं की जातच राहतो, आवाज नाही, नुसता खर्र असा. तोल, वळणं, मागे जाणं पहिल्याच दिवशी आलं, कोचने विचारलं कुठे शिकलास, मी सांगितलं फोंड्याला.

थांबणं नाही आलं. एकूण तीन तास फक्त तेच करतोय. बोर्ड धरून एका पायाने बर्फ खरवडायचा, मग हळू जाऊन दोन्ही. आज उजवा खांदा पुढे ठेवून, डावीकडे वळून चारदा थांबलो, चौथ्यांदा बर्फाचा भुगा उडाला. दुसऱ्या बाजूने एकदाही नाही.

बर्फवेडी | २४ सप्टेंबर
क्रम कायम खालून वर: जॉक, शिन गार्ड, मोजे, पॅंट, स्केट्स, आणि मगच वरचं. घरी आल्या आल्या बॅग उघडून सगळं वाळत घाल, पाती पुसून ठेव. दुसऱ्या बाजूने थांबायला मला चार महिने लागले होते. भुगा उडाला ना? मग येईल.

चाकंवाला | २५ सप्टेंबर
कुठे शिकलास तर फोंड्याला. हे मी आज पोरांना वाचून दाखवलं.

फोंडेकर | १९ ऑक्टोबर
काल पहिली मॅच. रात्री पावणेअकरा, तिकडे तुमच्याकडे सकाळचे सव्वाआठ. बेंचमागे भिंतीला टेकवून फोन लावला होता, बाबा चहा घेऊन बसलेले. आम्ही ५-२ ने हरलो. मला राइट विंगवर ठेवलं. दोनदा ऑफसाइड गेलो, दोन्ही वेळा रेषेवर उजवीकडे वळून थांबता आलं नाही म्हणून. एकदा जागेवर थांबलो होतो तर खरंच पास आला, स्टिक टेकवलेली होती, पक लागला आणि मी पुढच्याला दिला. गोल नाही झाला.

मॅच झाल्यावर कॅप्टन येऊन म्हणाला, शिफ्ट वेळेवर बदलतोस, पुढच्या शनिवारी ये. घरी आल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी सगळ्या शिफ्ट कागदावर लिहून ठेवल्या होत्या. चौदा झाल्या, सगळ्यात लांबची बावन्न सेकंदांची, ती सात सेकंदांनी जास्त झाली असं म्हणाले.

साखळीकर | १९ ऑक्टोबर
बाबांना माझा नमस्कार सांग. उजवीकडच्या थांबण्याला सार्वजनिक स्केटिंगच्या वेळेत आठवड्यातून एकदा तासभर दे, पक स्टिक न घेता.